तहानेलें वासरू आणि रक्तांतील तांबड्या पेशी

उन्हाळ्यांत विहिरी आटतात, पाण्याची ओढाताण सुरू होते, आणि गोठ्यांतील मोठ्या जनावरांस पाणी पाजतां पाजतां लहान वासरांची पाळी शेवटीं येते. कधीं एक दिवस, कधीं दोन दिवस त्यांस पोटभर पाणी मिळत नाहीं. मग एके दिवशीं डोण भरते, वासरें मोकळीं सुटतात आणि पोट टम्म होईपर्यंत पितात. मालकास समाधान वाटतें. परंतु थोड्याच वेळानें त्यांतील एखादें वासरू मलूल होतें, त्याची लघवी काळसर तांबडी येऊं लागते, तें लटपटतें, आणि कधीं कधीं झटके येऊन दगावतेंही. कोणी म्हणतो पाण्यांत विष होतें, कोणी म्हणतो दृष्ट लागली. वस्तुतः पाणी निर्मळ असतें. अपाय होतो तो पाण्याच्या दोषानें नव्हे. तें ज्या घाईनें रक्तांत उतरतें त्या घाईनें होतो. ही गोष्ट नीट समजण्यास रक्तांतील पेशी व त्यांच्या भोंवतालचा द्रव ह्यांचा परस्परसंबंध ठाऊक असला पाहिजे. तो थोडक्यांत सांगण्याचें ह्या लेखांत योजिलें आहे.

रक्त व त्यांतील पेशी

रक्त दिसावयास एकसारखें तांबडें दिसतें. तथापि तें एकजीव नाहीं. पिंवळसर रंगाच्या पातळ द्रवांत असंख्य सूक्ष्म पेशी तरंगत असतात. ह्या द्रवास रक्तद्रव म्हणावें. रक्ताचा तांबडा रंग द्रवाचा नसून तांबड्या पेशींत भरलेल्या हिमोग्लोबिन नामक पदार्थाचा असतो. फुप्फुसांतील प्राणवायु उचलून सर्व शरीरास पोंचविण्याचें काम हाच पदार्थ करतो. तो पेशीच्या आंत आहे तोंवर उपयोगी. पेशी फुटून तो बाहेर सांडला म्हणजे वायां जातो, व मूत्रपिंडांतून गाळला जाऊन लघवीस रंग आणतो.

मनुष्याची तांबडी पेशी तबकडीसारखी, दोन्ही बाजूंनीं मध्यें खोलगट असते. तिची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सातआठ पट, इतकी थोडी असते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत अशा सुमारें ५० लाख पेशी मावतात. गाईच्या पेशी ह्याहून लहान असतात. शेळीच्या तर फारच लहान, म्हणजे मनुष्याच्या पेशीच्या निम्म्याहूनही कमी रुंदीच्या. पण संख्येनें त्या पुष्कळ अधिक असतात. ह्या पेशींस वनस्पतीच्या पेशींप्रमाणें बाहेरून टणक भिंत नसते. एक अत्यंत पातळ व मऊ पडदा, एवढेंच त्यांचें आवरण. ह्या पडद्यांतून पाणी सहज ये-जा करतें. परंतु मीठ, साखर इत्यादि पदार्थांस तो सहसा वाट देत नाहीं. पुढील सर्व विवेचनाचा पाया ही एवढी एकच गोष्ट आहे.

पाण्याची ओढ

लोणच्याकरितां कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवलें म्हणजे कांहीं वेळानें भांड्यांत पाणी सुटतें. उलट, मनुका साध्या पाण्यांत टाकल्या कीं त्या फुगून टपोऱ्या होतात. दोन्ही ठिकाणीं नियम एकच आहे. मधें पाण्यास वाट देणारा पण विरघळलेल्या पदार्थांस अडविणारा पडदा असला, तर ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक त्या बाजूकडे पाणी जातें. ह्या क्रियेस परासरण असें नांव आहे.

ज्यांस हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यांनीं एका बटाट्याच्या सारख्या जाडीच्या दोन चकत्या कापाव्या. एक साध्या पाण्यांत व दुसरी मूठभर मीठ विरघळलेल्या तांब्याभर पाण्यांत रात्रभर ठेवावी. सकाळीं पहिली चकती ताठ व कडक झालेली आढळेल. दुसरी इतकी लुळी पडलेली असेल कीं ती बोटाभोंवतीं वळवितां येईल. रोपाच्या बुडाशीं रासायनिक खताचा ढीग पडला म्हणजे रोप करपतें, किंवा खारवट जमिनींत ओल असूनही पीक सुकलेलें दिसतें, त्याचें एक मुख्य कारण हेंच. मातींतील पाण्यांत क्षार फार झाले कीं मुळांस तें पाणी ओढून घेणें जड जातें.

बटाट्याच्या पेशींत व रक्ताच्या पेशींत एक मोठा भेद मात्र लक्षांत ठेवावयास पाहिजे. साध्या पाण्यांत बटाट्याची पेशी फुगली तरी तिची बाहेरची भिंत तिला आवरून धरते, म्हणून ती ताठ होऊन थांबते. रक्तपेशीस अशी भिंत नाहीं. ती फुगूं लागली तर तिला आवरणारें कोणी नाहीं.

वनस्पतीपासून रक्तापर्यंत

रक्तपेशींवर भोंवतालच्या द्रवाचा परिणाम होतो हें फार पूर्वीं पाहण्यांत आलें होतें. इंग्लंडमधील विल्यम ह्यूसन ह्यानें इ. स. १७७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत रक्तांतील तांबडे कण गोळ्यासारखे नसून चपटे असतात, व पाणी मिसळतांच ते फुगून गोल होतात, असें दाखविलें. परंतु ह्या गोष्टीस माप लावण्याचें काम पुढें शंभर वर्षांनीं झालें, आणि त्याचा आरंभ वनस्पतींच्या अभ्यासांतून झाला ही आपणां शेतकऱ्यांस अभिमानाची बाब आहे.

जर्मनींतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर ह्यानें इ. स. १८७७ सालीं सच्छिद्र मडक्याच्या आंत कृत्रिम पडदा बसवून, साखरेचें पाणी किती जोरानें साधें पाणी आंत ओढतें, तो जोर मोजला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं हॉलंडमधील ह्यूगो द व्रीस ह्यानें एका पानाच्या जांभळ्या सालीच्या पेशी निरनिराळ्या द्रावणांत ठेवून पाहिल्या. द्रावण जरुरीपेक्षां तीव्र असलें कीं पेशींतील जांभळा रस भिंतीपासून सुटून आंत आकसे. नेमका किती तीव्रपणा झाला असतां हें आकसणें सुरू होतें हें त्यानें सोऱ्याच्या द्रावणाशीं ताडून पाहून ठरविलें.

त्याच्याच देशांतील हार्टोग हॅम्बुर्गर ह्यानें हीच रीत रक्तास लावली. हा गृहस्थ पुढें युट्रेक्ट येथील पशुवैद्यकीच्या शाळेंत प्राध्यापक झाला. इ. स. १८८३ च्या सुमारास त्यानें जनावराचें रक्त कमी-अधिक तीव्रतेच्या क्षारद्रावणांत मिसळून, कोणत्या द्रावणांत पेशींचा तांबडा रंग बाहेर सांडूं लागतो तें पाहिलें. त्यास असें आढळलें कीं सोऱ्याचें सुमारें १ टक्क्याचें व मिठाचें सुमारें ०.६ टक्क्याचें द्रावण रक्तपेशींस सारखेंच भासतें. वजनांत फरक आहे. पण दोहोंत विरघळलेल्या कणांची संख्या जवळ जवळ सारखी आहे. म्हणजे पेशी जो हिशेब करते तो पदार्थाच्या वजनाचा नव्हे, कणांच्या संख्येचा. ह्याच पायावर व्हान्ट हॉफ ह्या हॉलंडच्याच रसायनशास्त्रज्ञानें परासरणाचा नियम गणितानें मांडला. इ. स. १९०१ सालीं रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें.

मीठ ०.९ टक्के, म्हणजे एका लिटर पाण्यांत ९ ग्रॅम, असें द्रावण मनुष्याच्या व गुरांच्या रक्तद्रवाशीं तुल्यबळ असतें हें ह्याच अभ्यासांतून ठरलें. दवाखान्यांत शिरेंतून ‘सलाईन’ देतात तें हेंच पाणी. शिरेंत निव्वळ पाणी कधींही टोंचीत नाहींत, ह्याचें कारणही ह्यांतच आहे.

पेशी फुगते, फुटते व आकसते

रक्ताचे कांहीं थेंब ०.९ टक्के मिठाच्या पाण्यांत टाकले तर पाणी गढूळ तांबडें होतें. कांचेच्या नळीमागें धरलेलीं छापील अक्षरें त्यांतून वाचतां येत नाहींत. पेशी शाबूत आहेत, व त्या उजेडास अडवितात. तेच थेंब साध्या पाण्यांत टाकले तर क्षणांत सर्व पाणी नितळ तांबडें होतें व मागचीं अक्षरें स्पष्ट वाचतां येतात. पेशी फुटल्या, त्यांतील हिमोग्लोबिन पाण्यांत मिसळलें, आणि उजेड अडविण्यास कांहीं उरलें नाहीं.

ह्या दोहोंच्या मधें काय होतें तें पाहण्यासारखें आहे. पेशीच्या चपट्या आकाराचा एक मोठा लाभ असा कीं तिच्या पडद्यास ताण न पडतां तिला पुष्कळ फुगतां येतें. धान्य थोडें भरलेलें पोतें जसें सैल असतें तसा तिचा पडदा सैल असतो. पाणी आंत शिरूं लागलें कीं खोलगट भाग भरून येतो, तबकडीची गोटी होते. येथपर्यंत पेशीचें आकारमान सुमारें दीडपट ते पावणेदोनपट झालेलें असतें, तरी तिला इजा नसते. परंतु गोटी झाल्यावर पोतें शिगोशीग भरलें. पडदा ताणला जाण्याची शक्ति शेंकडा तीनचार भागांहून अधिक नाहीं. त्यानंतर आणखी थोडेंसें पाणी शिरलें कीं तो उसवतो.

मनुष्याच्या पेशी मिठाचें प्रमाण निम्म्यावर, म्हणजे ०.४५ ते ०.५ टक्क्यांवर आलें असतां फुटावयास लागतात, व ०.३ टक्क्यांच्या सुमारास बहुतेक सर्व फुटतात. गाईच्या पेशी ह्याहून नाजूक असून ०.६ टक्क्यांच्या आसपासच फुटूं लागतात. शेळीच्या पेशी त्याहूनही नाजूक आहेत. उलट, भोंवतालचें पाणी ०.९ टक्क्यांहून खारट झालें तर पेशींतील पाणी बाहेर ओढलें जातें, त्या आकसतात व त्यांच्या कडेस कांटे आल्यासारखे दिसतात. आकसलेली पेशी वेळींच योग्य द्रवांत आणली तर पुष्कळदां पूर्ववत् होते. फुटलेली पेशी मात्र पुन्हां सांधत नाहीं.

पाणी पेशींत इतक्या जलद कसें शिरतें, हें कोडें बरीच वर्षें होतें. इ. स. १९९२ सालीं अमेरिकेंतील पीटर ॲग्रे व त्याच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं तांबड्या पेशीच्या पडद्यांत पाण्याकरितांच राखलेल्या सूक्ष्म वाटा असतात. हे प्रथिन पदार्थ बेडकाच्या अंड्यांच्या पडद्यांत उत्पन्न करवून तीं अंडीं पातळ पाण्यांत ठेवतांच फुगून फुटलीं. ज्या अंड्यांत ह्या वाटा नव्हत्या तीं जशींच्या तशीं राहिलीं. ह्या शोधाबद्दल ॲग्रे ह्यास इ. स. २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रक्तपेशीचा दरवाजा पाण्यास सदा उघडा असतो, ही गोष्ट शेतकऱ्यानें मनांत धरावी; कारण दरवाजा बंद करून घेणें पेशीच्या हातीं नाहीं.

युरियाचें उदाहरण

येथें एक शंका येईल. बाहेरच्या पाण्यांत कोणताही पदार्थ पुरेसा विरघळलेला असला म्हणजे पेशी सुरक्षित राहील काय? नाहीं. आपल्या नित्य परिचयाचा युरिया ह्याचें उत्तर देतो. १.८ टक्के युरियाच्या द्रावणांत कणांची संख्या रक्ताएवढीच असते. म्हणून पेशी त्यांत टिकावी असें वाटेल. तथापि प्रत्यक्षांत ती साध्या पाण्यांत फुटावी तशी फुटते. कारण युरिया पडद्यांतून आंत शिरतो, व त्याच्या मागोमाग पाणीही शिरतें. बाहेर राहून पाण्यास थोपवून धरील तोच पदार्थ पेशीचा पहारेकरी. आंत शिरणारा पहारा करूं शकत नाहीं. मीठ बाहेर राहतें, म्हणून रक्तद्रवांत मिठाचें महत्त्व.

शरीर आपला द्रव कसा राखतें

पेशी स्वतः एवढी परस्वाधीन असतां जनावर जगतें कसें? ह्याचें उत्तर असें कीं पेशीची राखण पेशीवर सोंपविलेलीच नाहीं; ती तिच्या भोंवतालच्या द्रवाची राखण करून केली जाते. रक्तद्रवाच्या तीव्रतेंत शेंकडा एकदोन भागांचा फरक पडला तरी मेंदूस तो कळतो. इ. स. १९४७ सालीं इंग्लंडमधील व्हर्नी ह्यानें कुत्र्यांवरील प्रयोगांवरून, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तांत थोडें मीठ वाढवितांच मूत्र होण्याचें प्रमाण घटतें, असें सिद्ध केलें. रक्त खारट झालें कीं तहान लागते व मूत्रपिंडें पाणी राखून ठेवतात. रक्त पातळ झालें कीं तीं जादा पाणी बाहेर टाकतात. ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु तिला वेळ लागतो. घटकाभरांत बादल्याच्या बादल्या पाणी रक्तांत उतरलें तर मूत्रपिंडांस तें तितक्या वेगानें काढून टाकतां येत नाहीं.

वाळवंटांत राहणाऱ्या जनावरांकडे पाहिलें म्हणजे ही वेगाची अडचण निसर्गानें दोन रीतींनीं सोडविलेली दिसते. उंट बरेच दिवस पाण्यावांचून राहून, पाणी मिळतांच दहापंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या घरांत पितो. त्याचें रक्त झपाट्यानें पातळ होतें, तरी त्यास बाधत नाहीं. कारण त्याच्या तांबड्या पेशी इतर सस्तन प्राण्यांसारख्या वाटोळ्या नसून लांबट अंडाकृति असतात, व मूळ आकारमानाच्या सुमारें अडीचपटीपर्यंत फुगल्या तरी फुटत नाहींत. शेळीची पेशी तर आपण वर पाहिल्याप्रमाणें अतिशय नाजूक. तरीही अरबस्तानाकडील बदाऊनी लोकांच्या काळ्या शेळ्या अनेक दिवसांच्या तहानेनंतर आपल्या वजनाच्या शेंकडा चाळीसपर्यंत पाणी एका दमांत पितात व सुखरूप राहतात. त्यांची युक्ति निराळी आहे. प्यालेलें पाणी त्यांच्या कोठीपोटांत, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या मोठ्या पोटांत, साठून राहतें व तेथून तें रक्तांत हळूहळू सोडलें जातें. तळें भरलेलें आहे, पण पाट बेतानेंच सोडला आहे, असा हा प्रकार होय. उंटानें पेशी मजबूत केली, शेळीनें पाण्याचा वेग रोखला.

वासराचें काय होतें

लहान वासराजवळ ह्या दोहोंपैकीं एकही साधन पुरतें नसतें. त्याची पेशी उंटाची नव्हे, आणि त्याचें कोठीपोट अजून पूर्ण वाढलेलें नसतें. दूध तुटलेलीं, बादलीनें मोजकें पाणी पिण्याची संवय असलेलीं, दोनचार महिन्यांचीं वासरें ह्या विकारास विशेषेंकरून बळी पडतात. तहानेनें व्याकुळ झालेलें असें वासरू गरजेहून पुष्कळ अधिक पितें. तें पाणी पोटांतून व आंतड्यांतून ज्या शिरांत प्रथम उतरतें तेथील रक्त सर्वांत जास्त पातळ होतें. पेशी फुगतात, कांहीं फुटतात, त्यांतील रंग मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो व लघवी काळसर तांबडी दिसते.

तांबडी लघवी ही भयसूचक खूण खरी. पण खरा घात बहुधा दुसरीकडे होतो. मेंदूच्या पेशींसही हाच नियम लागू आहे. त्याही पाणी घेऊन फुगतात, आणि मेंदू हाडाच्या कवटींत बंदिस्त असल्यामुळें त्यास फुगावयास जागा नाहीं. म्हणून वासरू लटपटतें, आंधळ्यासारखें धडपडतें, त्यास झटके येतात. अशा वेळीं त्यास आणखी पाणी पाजणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय. पाणी ताबडतोब दूर करून पशुवैद्यास बोलवावें. शिरेंतून तीव्र मिठाचें द्रावण बेतानें देऊन व लघवी वाढविणारें औषध देऊन तो मेंदूंतील जादा पाणी उतरवूं शकतो. हा उपाय मात्र जाणत्याच्याच हातचा आहे. घरीं करूं नये.

मीठ अधिक झाल्यास

ह्याच्या उलट प्रकारही गोठ्यांत घडतो. आंबोणांत मीठ चुकून जास्त पडलें, लोणच्याचें खारें पाणी वा खारवलेलें खाद्य जनावरांनीं खाल्लें, किंवा प्यावयास खाऱ्या विहिरीचेंच पाणी असलें, आणि त्यांत भर म्हणून पुरेसें गोडें पाणी मिळालें नाहीं, तर रक्तद्रव खारट होतो. मीठ थोडें अधिक असूनही गोडें पाणी भरपूर असलें तर जनावर तें सहसा निभावून नेतें. पाण्याची तूट पडली म्हणजे मात्र तेंच मीठ विष होतें. डुकरें व कोंबड्या ह्यांस हा अपाय लवकर होतो. गाईम्हशीही त्यांतून सुटत नाहींत.

येथें सर्वांत मोठा धोका उपचाराच्या वेळीं असतो. कांहीं दिवस खारट द्रवांत राहिलेल्या मेंदूच्या पेशी आपल्या आंतही विरघळलेले पदार्थ वाढवून त्या स्थितीशीं जुळवून घेतात. आतां दया येऊन मालकानें डोण भरून समोर ठेवली, तर रक्त एकाएकीं पातळ होतें, पेशींत मात्र पदार्थ अधिक असतात, आणि पाणी जोरानें आंत घुसून मेंदू सुजतो. म्हणून अशा जनावरास पाणी द्यावयाचें तें दर तासास त्याच्या वजनाच्या शेंकडा अर्ध्या भागाइतकेंच. म्हणजे १०० किलोच्या जनावरास तासास अर्धा लिटर. ह्याप्रमाणें एकदोन दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ धीर धरावा लागतो. जेथें बिघाड हळूहळू झाला तेथें सुधारणाही हळूहळूच झाली पाहिजे.

हगवण लागलेलें वासरू

हगवणींत नुसतें पाणी जात नाहीं. पाण्याबरोबर मीठ व इतर क्षारही जातात. म्हणून नुसतें पाणी पाजून तूट भरत नाहीं. रक्तद्रव अधिकच पातळ होतो. मनुष्याच्या पटकीवरील उपचारांत हा धडा फार किंमत देऊन शिकावा लागला. स्कॉटलंडमधील डॉ. थॉमस लट्टा ह्यानें इ. स. १८३२ सालीं पटकीच्या रोग्यांच्या शिरेंत क्षारमिश्रित पाणी सोडून कांहींचे प्राण वांचविले. विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास डॉ. लिओनार्ड रॉजर्स ह्यानें अधिक तीव्र मिठाच्या पाण्यानें मृत्यूंचें प्रमाण पुष्कळ उतरविलें. पुढें इ. स. १९७१ सालीं बांगला देशच्या युद्धांत बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत शिरेंतून देण्याचें पाणी संपलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ व ग्लुकोज मिसळलेलें पाणी तोंडानें पाजलें. शेंकडा तीसच्या घरांत असलेले मृत्यु शेंकडा चारच्या आंत आले. ग्लुकोज आंतड्यांतून शोषलें जातांना आपल्याबरोबर मीठही आंत नेतें, आणि मिठामागून पाणी जातें, हें त्याचें मर्म.

जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २००२ पासून पुरस्कारिलेल्या मिश्रणांत एका लिटर पाण्यास मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतें. हें मिश्रण रक्ताहून किंचित् पातळ ठेवलें आहे. मूठ-चिमटीच्या अंदाजानें अधिक मीठ घातल्यास गुण येण्याऐवजीं अपाय होतो, हें ध्यानांत ठेवावें. वासरांकरितां निराळ्या पुड्या पशुवैद्याकडे मिळतात, त्याच वापराव्या. एक सूचना विशेष महत्त्वाची आहे: लहान वासरास उंसाची साखर पचत नाहीं, उलट तिनें हगवण वाढते. म्हणून माणसांच्या घरगुती साखर-मिठाच्या पाण्याची रीत वासरास लावूं नये, ग्लुकोजच वापरावें. क्षारपाणी देतांना दूध सर्वस्वी तोडूं नये, कारण क्षारपाणी हें अन्न नव्हे.

तांबड्या लघवीचीं इतर कारणें

तांबडी लघवी दिसली कीं ती पाण्यानेंच झाली असें मानूं नये. गोचिडांपासून होणाऱ्या तापांत एक सूक्ष्म जीव तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. तेथें ज्वर असतो व अंगावर गोचीड सांपडतात. व्यालेल्या गाईम्हशींस, विशेषतः भरपूर दूध देणाऱ्यांस, विण्यानंतरच्या कांहीं आठवड्यांत रक्तांतील फॉस्फरस घटल्यानें हाच विकार होतो. पेशीस आपला आकार व आंतील क्षारांचें प्रमाण राखण्यास सतत शक्ति लागते. फॉस्फरसवांचून ती शक्ति तयार होत नाहीं, आणि पेशी दुबळी होऊन फुटते. पाण्याचा विकार ओळखण्याची खूण ही कीं वासरू आदल्या दिवशीं तहानेलें होतें, आणि पोटभर पाण्यानंतर थोड्याच वेळांत लक्षणें दिसलीं.

पाळावयाचे नियम

१. वासरांपुढें गोडें पाणी सर्वकाळ राहील अशी व्यवस्था करावी. ज्यास पाणी केव्हांही मिळतें तें वासरू अधाशीपणानें पीत नाहीं.

२. टंचाईंत पाण्याची पाळी बांधतांना वासरांस प्रथम द्यावें. त्यांची गरज थोडी असते, पण खाडा त्यांस अधिक बाधतो.

३. बाजारांतून किंवा दूरच्या प्रवासांतून आणलेल्या, अथवा कांहीं कारणानें तहानेल्या वासरास डोणीवर मोकळें सोडूं नये. थोडें थोडें, मध्यें अंतर ठेवून पाजावें, व तहान भागल्यावरच मोकळें सोडावें.

४. मीठ मोजून घालावें. जेथें मिठाची वीट चाटावयास ठेवली असेल तेथें गोडें पाणी अवश्य असावें.

५. खाऱ्या विहिरीचें पाणी जनावरांस नित्य पाजावयाचें असल्यास तें एकदां तपासून घ्यावें.

६. लघवी तांबडी दिसतांच पाणी व आंबोण ह्यांची हकीकत नीट आठवून पशुवैद्यास सांगावी. वासरू केव्हां तहानेलें होतें व केव्हां किती प्यालें, ह्या दोन गोष्टींवरून निदान लवकर होतें, आणि अशा विकारांत एक तासाचेंही मोल फार असतें.